चेहरा बघून कळत नाही

कन्हानमध्ये शाळेच्या पालकसभेत मुलांच्या मनाचा विषय निघाला की उत्तर तयार असतं. मुलांना कसलं आलंय टेन्शन? दोन वेळचं जेवण आहे, बापाची वेकोलित, म्हणजे कोळसा कंपनीत, नोकरी आहे, हातात मोबाइल आहे. आमच्या वेळी गुरुजी छडीनं फोडून काढत, घरी सांगितलं तर वडील आणखी दोन ठेवून देत. आमचं काय वाकडं झालं? पोराच्या मनात काय चाललंय ते आईला चेहऱ्यावरून कळतं, त्यासाठी छापील प्रश्न कशाला? मन काय मोजता येतं? थोडी भीती तर हवीच, भीतीशिवाय पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी, अगदी ठासून: असले प्रश्न विचारून तुम्हीच मुलांच्या डोक्यात नाही ते भरवता.

हे मत कन्हानपुरतं नाही. कामठीत, नागपुरात, पुण्यातही हेच ऐकू येतं. ते मांडणारी माणसं दुष्ट नाहीत, लेकरांसाठी हाडाची काडं करणारी आहेत. म्हणूनच ते खोडून काढणं निकडीचं आहे. कारण या मताची किंमत ते मांडणारे मोजत नाहीत, त्यांची मुलं मोजतात.

मन मोजता येत नाही, हा त्यातला सगळ्यांत वजनदार वाटणारा मुद्दा. कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसानं तरी तो मांडू नये. भूमिगत खाणीत मिथेन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. तरी पाळीवर उतरणारा कोणीही ‘मला हवा बघून कळतं’ असं म्हणत नाही. उपकरण लावून वायूचं प्रमाण तपासतात आणि ते सव्वा टक्क्याच्या वर गेलं की वीज तोडून माणसं बाहेर काढतात. न दिसणाऱ्या गोष्टीचं माप घ्यावं लागतं हे ज्याला कामावर पटतं, त्याला घरी आल्यावर का पटू नये?

मुलांच्या चिंतेचं माप घेण्याची रीत काही काल-परवाची नाही. अमेरिकेत सेमूर सॅरासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची परीक्षेची भीती मोजण्यासाठी केलेल्या चाचणीवरचं पुस्तक १९६० सालचं आहे. १९७८ मध्ये रेनॉल्ड्स आणि रिचमंड यांनी ३७ विधानांची चाचणी आणली. १९९७ मध्ये बोरिस बर्माहेर यांच्या गटानं ३८ वाक्यांची चाचणी तयार केली. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात सुझन स्पेन्स यांची ४४ वाक्यांची आली. बर्माहेर यांच्या चाचणीत प्रत्येक वाक्याला शून्य, एक किंवा दोन गुण असतात आणि बेरीज २५ च्या आसपास गेली की त्या मुलाशी नीट बसून बोलायला हवं असा इशारा मिळतो. एवढंच. बेरीज म्हणजे आजाराचं निदान नव्हे, असं या चाचण्या करणारे स्वतःच सांगतात. चाचणीनं पालकांना घाबरवायचं नसतं. कोणत्या मुलाशी आधी बोलायचं, ते तिनं सांगायचं असतं.

आणि मापाचं वावडं मराठी घरांना तरी कुठे आहे? व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूप तयार केलं, इथल्या मुलांवर ते तपासून वयानुसार मानकं ठरवली. त्यांचं पुस्तक ऑक्सफर्डनं १९४० मध्ये काढलं आणि बिने-कामत चाचणी आजही रुग्णालयांत वापरली जाते. १९६२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं बुद्धिमापनाचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. पोराचा बुद्ध्यंक काढून घ्यायला पालक आनंदानं रांग लावतात. तो आकडा चांगला आला तर चारचौघांत सांगता येतो. भीतीचा आकडा सांगता येत नाही, उलट तो घराकडे बोट दाखवतो. मापाला असलेल्या विरोधाचं खरं मूळ इथे आहे. मन मोजता येत नाही ही तक्रार नंतर जोडलेली आहे.

इथे विरोधक दोन आकडे पुढे करतील आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. कोलकात्यातल्या ४६० विद्यार्थ्यांच्या २०१० च्या अभ्यासात तीव्र चिंता असलेले मुलगे २०.१ टक्के आणि मुली १७.९ टक्के निघाल्या. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिंतेचा विकार असलेली मुलं जेमतेम एक टक्का निघाली. बघा, म्हणतील, एकीकडे वीस, दुसरीकडे एक; कसलं आलंय हे शास्त्र? पण दोन्हीकडे मोजलेली गोष्ट एक नव्हती. कोलकात्यात मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर चिंतेची पातळी पाहिली. गोव्यात कोकणीतून सविस्तर मुलाखत घेऊन, त्या चिंतेमुळे मुलाचं रोजचं जगणं अडतंय का हे तपासून, मगच विकार म्हटलं. घाबरलेली मुलं पुष्कळ असतात, आजारी त्यांतली थोडी असतात. दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि दोन्ही शाळेच्या कामाचे आहेत. वीसजणांचं ओझं वर्गातच हलकं करता येतं, त्या एकाला उपचार लागतात. न मोजता हा फरक कळणार कसा? सगळ्यांना ‘नाटकं करू नकोस’ असं एकच उत्तर देत राहिलं की त्या एकाचा बळी जातो.

‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बेंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यात मोजलंच नाही, तिथे काही नाही हे कशावरून ठरवलं? दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, १,७६४. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणं असतात, एका परीक्षेवर किंवा एका आईबापावर खापर फोडणं चूक आहे. पण हा आकडा समोर असताना ‘आमची मुलं मजेत आहेत’ हे वाक्य कोणत्या आधारावर उच्चारलं जातं?

आता चेहऱ्याचं. आईला कळतं, बाईंना कळतं, ही समजूत इतकी गोड आहे की तिला धक्का लावायला कोणी धजत नाही. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून मुलाचं स्वतःबद्दलचं सांगणं आणि मोठ्यांचं त्याच्याबद्दलचं सांगणं ताडून पाहिलं. पूर्ण जुळणीला १ आणि अजिबात जुळत नसेल तर ० धरलं, तर मूल आणि मोठी माणसं यांची जुळणी सरासरी ०.२२ निघाली. एकाच भूमिकेतल्या दोन माणसांची, म्हणजे आई आणि वडिलांसारख्या जोडीची, आपापसांत ०.६० होती. मोठ्यांचं एकमेकांशी बऱ्यापैकी जमतं, मुलाशी जमत नाही. याचा अर्थ आई निष्काळजी आहे असा मुळीच नाही. मारामारी, शिवीगाळ, शाळा बुडवणं बाहेरून दिसतं. रात्री दोन वाजता छताकडे बघत उद्याचा पेपर मनातल्या मनात दहा वेळा सोडवणं बाहेरून दिसत नाही. ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.

मुलं खोटं लिहितील, ही शंका रास्त आहे. तिची सोय रेनॉल्ड्स आणि रिचमंड यांनी १९७८ मध्येच करून ठेवली. त्यांच्या ३७ विधानांतली २८ चिंतेची, उरलेली नऊ वेगळ्या कामाची. मी सगळ्यांशी कायम चांगलाच वागतो, मला कधी रागच येत नाही, अशा धाटणीची. कोणत्याही खऱ्याखुऱ्या मुलाला त्या सगळ्यांना हो म्हणता येणार नाही. जो म्हणतो, तो आपलं निर्दोष रूप जपतोय, हे तपासणाऱ्याला कळतं. घरात आणि वर्गात ज्याला सगळे ‘किती गुणी’ म्हणतात, नेमकं तेच मूल अनेकदा इथे सापडतं.

या गुणी मुलाविषयी जास्त बोलायला हवं, कारण गावातल्या समजुती सर्वांत घट्ट त्याच्याभोवती आहेत. अक्षर मोत्यासारखं, वही नीटनेटकी, एकही चूक नाही. एक ओळ चुकली तर पान फाडून सगळं पुन्हा लिहितो. ९६ मिळाले तर चार कुठे गेले म्हणून दिवसभर जेवत नाही. येत असलेलं उत्तरही वर्गात देत नाही, कारण चुकलं तर? घरचे पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, आमच्याकडे याला काही सांगावं लागत नाही. हे लक्षण आहे असं कोणाला वाटतच नाही, कारण याला सगळे संस्कार म्हणतात.

कॅनडातले गॉर्डन फ्लेट आणि पॉल ह्युइट यांनी मुलांमधला परिपूर्णतेचा हट्ट मोजण्यासाठी २२ विधानांची चाचणी केली. ती दोन गोष्टी वेगळ्या काढते. एक, मूल स्वतःकडूनच निर्दोषपणाची अपेक्षा किती करतं. दोन, आपण निर्दोष असलो तरच लोक आपल्याला आपलं म्हणतील असं त्याला किती वाटतं. दुसरी गोष्ट जास्त विषारी. नैराश्याशी आणि चिंतेशी तिचं नातं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा ही दुसरी गोष्ट ३३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पिढी बिघडली म्हणून हे झालं नाही. भोवतालच्या मागण्या वाढल्या आणि मुलांनी त्या मनावर घेतल्या.

महाराष्ट्रात मागण्या कुठवर गेल्या आहेत? २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. कला आणि क्रीडेचे वाढीव गुण, सर्वोत्तम पाच विषयांची सोय, हे सगळं त्यात धरलेलं आहे. त्या मुलांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण शंभर हा आकडा प्रत्यक्षात आला की पंच्याण्णव हे अपयश ठरतं, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी नागपूर विभागाचा निकाल राज्यात सर्वांत कमी, ९०.७८ टक्के होता. अशा निकालानंतर या विभागातल्या मुलांवर दाब कोणत्या दिशेनं वाढतो हे सांगायला ज्योतिषी नको.

कन्हानच्या मुलाला हा दाब दहावीपर्यंत थांबून गाठत नाही. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय याच पारशिवनी तालुक्यात, नवेगाव खैरीला आहे. सहावीच्या ८० जागांसाठी पाचवीतली पोरं परीक्षेला बसतात. त्यापाठोपाठ शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसच्या परीक्षा, मग कामठी रस्त्यानं नागपूरच्या शिकवण्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कळतं की आपला नंबर लागला नाही तर घरचे गप्प होतात. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचं कारण सांगितलं. एवढी मुलं एकाच वेळी नाटकं करत होती, असं म्हणायचं आहे का?

‘थोडी भीती हवीच’ म्हणणाऱ्यांना शास्त्राचा आधार हवा असतो तेव्हा ते बहुतेक वेळा यर्क्स आणि डॉडसन यांच्याकडे जातात, नाव माहीत नसतानाही. १९०८ चा तो प्रयोग उंदरांवरचा होता. चुकीच्या खोक्यात शिरलं की विजेचा धक्का. खोक्यांमधला फरक सहज दिसणारा होता तेव्हा धक्का वाढवला की उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा मात्र जोराच्या धक्क्यानं शिकणं मंदावलं. सोपं घोकून घ्यायला भीती चालून जाते, अवघड समजून घ्यायला ती आड येते. बीजगणित, व्याकरण, निबंध यांतलं सोपं घोकण्याचं काय आहे? आणि ‘थोडी’ म्हणजे किती, हे मोजायला विरोध करणाऱ्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं? प्रमाण ठरवायचं आणि माप नाकारायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

छडी खाऊनही वाकडं न झालेल्यांचा दाखला तर अजिबात टिकत नाही. तो दाखला देणारे मागे उरलेले असतात. आठवीत शाळा सोडलेली वर्गमैत्रीण, गणिताच्या तासाला रोज पोटात दुखणारा बाकावरचा सोबती, पेपरच्या दिवशी घरातून निघून परत न आलेला कोणी, यांना त्या पालकसभेत बोलायला कोणी बोलावलेलं नसतं.

राहिला तो डोक्यात भरवण्याचा आरोप. याची तर सरळ परीक्षाच झालेली आहे. मॅडेलिन गूल्ड यांच्या गटानं न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना विचारले नाहीत. विचारल्यामुळे त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांमध्ये तर विचारलेल्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा कमी दिसला. सर्वांत जड प्रश्नानं जिथे इजा होत नाही, तिथे ‘परीक्षेआधी पोटात गोळा येतो का’ एवढं विचारल्यानं काय होणार आहे? चाचण्या करणाऱ्यांनी याची काळजीही घेतलेली असते. स्पेन्स यांच्या ४४ वाक्यांत सहा वाक्यं निव्वळ आनंदाची आहेत, मूल फक्त त्रासाच्याच गोष्टी वाचत बसू नये म्हणून. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०२२ मध्ये ८ ते १८ वर्षांच्या मुलांची चिंतेसाठी चाचणी करावी अशी शिफारस केली. सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुरावा अपुरा आहे, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. डोक्यात भरवणारे असे जपून बोलत नाहीत.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. वाईट मोजमाप घातक असतं. नाव लिहून घेतलेली पत्रकं वर्गशिक्षकाच्या टेबलावर उघडी पडली, गुण मोठ्यानं वाचले गेले, ‘हा टेन्शनवाला’ असं मुलाचं नाव पडलं, आणि त्यानंतर त्याच्याशी कोणीच बोललं नाही, तर न मोजलेलं परवडलं. मोबाइलवर पाच मिनिटांचा फॉर्म फिरवून अहवाल पाठवून मोकळं होणाऱ्यांना शाळेत पाऊल ठेवू देऊ नये. एनसीईआरटीनं आपल्या पाहणीत नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलं होतं. शाळांनी निदान तेवढं तरी उचलावं. पण वाईट मोजतात म्हणून मोजूच नका, हा निष्कर्ष कुठून आला? नीट मोजा, असा का नाही?

‘मोजून करायचं काय, इथे मानसोपचारतज्ज्ञ आहे कुठे?’ हा प्रश्न खरा आहे, पण तो मोजण्याच्या विरोधात जात नाही. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, आणि कन्हानहून नागपूर काही परमुलूख नाही. शिवाय प्रत्येक मुलाला तज्ज्ञ लागत नाही. गोव्यातल्या संगात संस्थेच्या ‘प्राइड’ प्रकल्पात दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतल्या २५० मुलांपैकी निम्म्यांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या तरुण समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची रीत शिकवली. त्यात एक माप फार साधं होतं: मुलानं आपल्याला सर्वांत छळणाऱ्या अडचणी स्वतःच्या शब्दांत सांगायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. सहा आठवड्यांनी तेच गुण पुन्हा विचारले, तेव्हा समुपदेशन मिळालेल्या मुलांच्या अडचणी उरलेल्या मुलांपेक्षा जास्त हलक्या झालेल्या दिसल्या. नेहमीच्या छापील प्रश्नावलीत मात्र तो फरक दिसला नव्हता. मुलाला काय छळतं, हे मुलाच्या तोंडून ऐकणारं माप जास्त तीक्ष्ण ठरलं. ते वापरायला परदेशी चाचणी विकत आणावी लागत नाही. कागद लागतो, एक विश्वासाचं माणूस लागतं आणि सहा आठवड्यांनी परत येण्याची शिस्त लागते.

कायदाही आता शाळांच्या इच्छेवर थांबलेला नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकदेब साहा खटल्यात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. किती मुख्याध्यापकांनी या सूचना पालकसभेत वाचून दाखवल्या?

मुलांची उंची शाळा मोजते, वजन मोजते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन डोळे आणि दात तपासून जातं. त्याला कोणी पाश्चात्त्य फॅड म्हणत नाही. चिंताही मोजायला हवी आणि परिपूर्णतेचा हट्टही. मुलाला कळेल अशा भाषेत, मुलालाच विचारून, नाव गुप्त ठेवून, वर्षातून एकदा नव्हे तर परीक्षेच्या आधी आणि नंतर. शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारायचं तसंच पहिल्या नंबरच्या मुलीलाही, आणि तिला जरा जास्त वेळ देऊन.

कन्हानच्या मुख्याध्यापकांनी सहामाहीच्या आधी एक तास यासाठी काढावा. पालकांनी आज घरी गेल्यावर चार गुण कुठे गेले हे न विचारता, झोप लागते का एवढं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. घरातल्या मुलाच्या उत्तरानं काळजी वाटली तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.